स्वमग्न मुलांमधील मंत्रचळाचे मूल्यमापन

स्वमग्न मुलाला किंवा किशोराला मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, जडला आहे का आणि असल्यास त्याची तीव्रता किती, हे ठरवण्याची प्रक्रिया. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा स्वमग्न मुलांचे वर्णन केले, तेव्हाच सारे जसेच्या तसे राहावे हा त्या मुलांचा आग्रह ठळकपणे नोंदवला होता. तेच ते करत राहणे हे स्वमग्नतेचे एक मूळ लक्षण, आणि मंत्रचळातही वरकरणी तेच दिसते. खरी अडचण इथेच आहे.

मूल काय करते यापेक्षा कशासाठी करते, हे पाहावे लागते. दिव्याचे बटण सारखे खाली-वर करणारी दोन मुले घ्या. एकाला उजेडाच्या उघडझापीत गंमत वाटते. अडवले तर खेळ मोडला म्हणून ते चिडते. दुसरे मूल ‘नीट बंद झाले नाही तर आईला काहीतरी होईल’ या धास्तीने बटण दाबते. त्याला ते नकोसे झालेले असते, पण सुटका नसते. मंत्रचळाचा उपचार लागतो तो या दुसऱ्याला. पण धास्ती शब्दांत सांगणे अनेक स्वमग्न मुलांना जमत नाही. ‘हा विचार तुला विचित्र वाटतो का?’ या प्रश्नावर ती गप्प राहिली, म्हणून मंत्रचळ नाही असे मानणे घातक आहे. अशा वेळी कृतीपूर्वीचा ताण, कृतीनंतरची क्षणिक सुटका आणि घरच्यांनाही त्यात ओढणे, या खुणा पाहाव्या लागतात. आचके, म्हणजे टिक्स, वेगळे काढावे लागतात ते निराळेच.

मंत्रचळाची तीव्रता मोजणाऱ्या, मुलांसाठीच्या येल-ब्राउन मापनश्रेणीत दहा बाबी असतात: पाच विचारांच्या, पाच कृतींच्या, कमाल गुण ४०. लॉरेन्स स्केहिल व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये स्वमग्न मुलांसाठी तिचे रूपांतर करताना विचारांचा भाग गाळला. उरले २० गुण. बोलू न शकणाऱ्या मुलांची त्यामुळे सोय झाली, पण ही श्रेणी पुनरावृत्तीची तीव्रता मोजते. त्या कृतीमागे भीती आहे की आनंद, हे सांगत नाही. तेव्हा नुसत्या गुणांवरून निदान करू नये.

‘हे पहिल्यापासूनचे की अलीकडचे?’ हा पालकांना विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न, कारण स्वमग्नतेतले तेच ते करणे सहसा पहिल्यापासून असते, मंत्रचळ नंतर जडतो. म्हणून एखादी सवय नव्याने लागली वा एकदम वाढली, तर पालकांनी तिची तारीख लिहून ठेवावी, शक्य झाल्यास चित्रफीत घ्यावी आणि तपासणीला जाताना दोन्ही सोबत न्यावे.