भूरूप आणि मानवी भूवापर : मुक्ताईनगर परिसर

भूरूप आणि मानवी भूवापर : जमिनीची उंची, उतार, मातीची खोली आणि पाण्याचा निचरा यांचा माणसाने भूप्रदेशात घडविलेल्या बदलांशी असलेला संबंध उपग्रहप्रतिमांवरून तपासणारा अभ्यास. त्यासाठी शेत, वन, पाणी, वस्ती अशी वर्गवारी दाखविणारा भूवापर नकाशा अंकीय उंची प्रतिमानावर, म्हणजे प्रत्येक लहान चौकोनाची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदविलेल्या जाळीवर, बसवितात. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने केलेल्या रडार मोजणीतून अशी जाळी जगातील बहुतेक भूभागासाठी उपलब्ध झाली.

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) हे उत्तरेचा सातपुडा आणि दक्षिणेच्या अजिंठा डोंगररांगा यांच्यामधील खचदरीत वसलेले असून तेथे तापी-पूर्णेचा जाड गाळ साचलेला आहे. या सपाटीवर शेती जवळजवळ सलग दिसते. मात्र नदीकाठी पावसाच्या पाण्याने मऊ गाळ कापून खोल घळी पाडल्याने ती अचानक तुटते. सपाट प्रदेशातही माणसाला अडविणारे भूरूप असते, हे या घळपट्ट्यांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमाच्या खाली बांधलेल्या हतनूर धरणाचे (1982) पाणी दोन्ही नद्यांच्या पात्रांत मागे पसरते. लँडसॅट मालिकेची चित्रे 1972 पासून मिळत असल्याने धरणापूर्वीच्या आणि नंतरच्या पात्रांची तुलना करता येते. खोरे उथळ असल्याने पाण्याची पातळी थोडी उतरली, तरी बरेच क्षेत्र उघडे पडते.

हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात आणि अवरक्त किरण परावर्तित करतात. या फरकावरून हिरवाई दाखविणारा वनस्पती निर्देशांक काढून भूवापर नकाशातील शेत आणि वन ओळखतात. परंतु एकाच दिवसाच्या प्रतिमेवर विसंबणे येथे धोक्याचे ठरते : मे महिन्यात सातपुड्यातील पानझडी वन उजाड दिसते, तर ओलिताखालील केळीच्या बागा गर्द हिरव्या असतात, आणि पावसाळ्यानंतर दोन्हींचा निर्देशांक जवळ येतो. याच भागातील डोलारखेडा परिसरात वाघ केळीच्या बागांत आढळले आहेत, त्यामुळे बाग आणि वन यांतील ही गल्लत निव्वळ तांत्रिक राहत नाही. वर्षभरातील अनेक तारखांच्या प्रतिमा ताडून आणि प्रत्यक्ष स्थळपाहणी करूनच ती दूर होते.

सातपुड्याच्या पायथ्याशी शेती जेथे थांबते, तेथे उतार तीव्र होतो हे खरे. पण राखीव वनाची हद्दही पुष्कळदा तेथूनच जाते, त्यामुळे अडसर डोंगराचा की कायद्याचा, हे केवळ प्रतिमेवरून ठरविता येत नाही.