अॅन पटनमचे क्षमापत्र

१६९२ साली मॅसॅच्युसेट्समधील सेलम व्हिलेज येथे काही मुलींना झटके येऊ लागले, व अमुक व्यक्तीचे छायारूप आपणांस छळते, असे त्या सांगू लागल्या. इतरांस अदृश्य असलेली ही छाया न्यायालयाने पुरावा म्हणून ग्राह्य धरली. १९ जणांना फाशी झाली. आरोप करणाऱ्यांत १२ वर्षांची अॅन पटनम अग्रभागी होती.

१७०६ मध्ये तिचे क्षमापत्र धर्मोपदेशक जोसेफ ग्रीन यांनी चर्चमध्ये वाचून दाखविले. वाचन होईतो ती मंडळीसमोर उभी होती. या पत्राची वाक्यरचना लक्षणीय आहे. कर्तृत्व सैतानी भुलीकडे जाते. अॅन केवळ साधन बनविली गेली, असा तो कर्मणी प्रयोग. द्वेषबुद्धीही तिने नाकारली आहे. तिला दांभिक ठरविणे सोपे आहे. परंतु फाशी गेलेल्या रिबेका नर्सचे नाव ती घेते, नर्सच्या दोन बहिणींचाही निर्देश करते, आणि क्षमा ईश्वराप्रमाणेच पीडितांच्या आप्तांकडेही मागते. तेथे मात्र क्रियापदाची कर्ती तीच आहे.

न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सूअल यांनी १६९७ मध्ये बॉस्टन येथे अशीच जाहीर क्षमा मागितली होती. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन यांनी ती कधीच मागितली नाही.