अथेन्सची साथ आणि अकरा वर्षांची मुलगी

आमच्या मंडळाच्या उन्हाळी सुट्टीच्या वर्गात मुलींना इतिहासाच्या गोष्टी सांगण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. शिवकालाच्या गोष्टी त्यांना तोंडपाठच असतात, म्हणून मी ग्रीस देशातील अथेन्सच्या साथीची हकीगत घेतली.

इसवी सनापूर्वी ४३० साली अथेन्स व स्पार्टा यांचे युद्ध चालू होते. शत्रूच्या भयाने खेड्यापाड्यांतील माणसे नगराच्या तटाआड येऊन राहिली. ऐन उन्हाळा, कोंदट खोपटी, आणि त्यात साथ शिरली. शत्रूने पाण्याच्या टाक्यांत विष कालवले अशी आवईही उठली! थुसिडिडीज या इतिहासकाराला स्वतःला हा रोग झाला होता. तो वाचला व त्याने सारे लिहून ठेवले. दुसऱ्याने रचलेल्या चितेवर आपले प्रेत टाकून लोक निघून जात. शुश्रूषेला जाणारी माणसे मरत, म्हणून पुष्कळजण जाईनातच. जे दुखण्यातून उठले होते, त्यांनाच आजाऱ्यांची अधिक कणव येई.

आपल्याकडे प्लेग म्हटला की १८९७ सालचा पुण्याचा गाठींचा प्लेग आठवतो. अथेन्सचा रोग तोच होता असे मात्र नाही. २००६ साली तेथील मृतांच्या दातांतील गर तपासून काही शास्त्रज्ञांनी तो विषमज्वर ठरवला, तर इतरांनी त्यावर हरकत घेतली. मुलींना मी दोन्ही बाजू सांगितल्या.

ते दात मिळाले कोठून? १९९४-९५ साली भुयारी रेल्वेसाठी खोदताना केरामेइकोस या जुन्या स्मशानभूमीजवळ एक खड्डा लागला. त्यात ८९ सांगाडे मिळाले. मुळात सुमारे दीडशे प्रेते असावीत. खालची प्रेते जरा नीट निजवलेली, वरची कशीतरी लोटलेली. पण तान्ही मुले मडक्यांत ठेवून पुरलेली होती. हे सांगताना माझाच आवाज जड झाला.

त्यात अकरा वर्षांच्या एका मुलीची कवटी शाबूत निघाली. तिच्यावरून शास्त्रज्ञांनी चेहरा घडवला, तिला मिर्टिस असे नाव दिले आणि २०१० साली तो लोकांसमोर मांडला. तिचे दुधाचे सुळे अजून पडले नव्हते. केसांचा रंग मात्र घडवणाऱ्यांनी मनाने दिला. तो काही हाडांवरून कळत नाही.

एका मुलीने विचारले, "काकू, तिच्या आईला हे चालले असते का?" दुसरी म्हणाली, "खड्ड्यात बेवारशी पडण्यापेक्षा बरे नाही का?" तिसरीला परके नावच पसंत नव्हते. अर्धा तास वाद झाला. मला विचाराल तर चेहरा दाखवावा; मात्र तो अंदाजाने केलेला आहे व नाव आपण ठेवलेले आहे, हे शेजारी स्पष्ट लिहावे. हाडे मात्र झाकून ठेवावीत. मुलींपैकी चौघींना हे पटले नाही. त्या म्हणाल्या, हाडे पाहिली नाहीत तर खरे कसे वाटणार? मला लगेच उत्तर सुचले नाही, आणि तेवढ्यात घंटा झाली.