लोखंडी पिंप आणि मातीची भट्टी



टाकून दिलेल्या लोखंडी पिंपाला झांकण, जाळी व धुराडें बसवून त्यांत मांस, मासळी अगर कंद धुरावर मंद शिजविण्याची भट्टी घरच्या घरीं तयार करावी, हा उद्योग मूळ अमेरिकेंतला. आपल्याकडील हौशी मंडळींनाहि तो आतां ठाऊक झाला आहे. अशी भट्टी म्हणजे सर्वस्वीं परकी वस्तु, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा आहे हें पाहावयाचें तर फार दूर जावयास नको. कर्जत आणि खोपोली यांच्यामधील पळसदरी हें लहानसें स्टेशन त्यास पुरेसें आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पळसदरीवरून खोपोलीपर्यंत १८५६ सालीं सुरू झाला. पुढें १८६३ सालीं बोरघाटांतला मार्ग खुला होऊन मुंबई व पुणें हीं लोहमार्गानें सलग जोडलीं गेलीं. पळसदरीचा तलाव रेल्वेनें बांधला तो वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावें म्हणून. १९३० च्या सुमारास घाटांत विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं. तलाव मात्र राहिला. आतां त्या जुन्या इंजिनाची रचना डोळ्यांपुढें आणावी. मागें अग्निपेटी, मध्यें लांबट गोल बाष्पपात्र, पुढें धूरपेटी, आणि तिच्यावर धुराडें. विस्तव एका टोंकाला, धुराची वाट दुसऱ्या टोंकाला, आणि मधल्या लोखंडी पोटांतून उष्णतेचा प्रवास. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत तेलविहिरींवरच्या कारागिरांनीं जाड नळ व जुन्या टाक्या कापून ज्या भट्ट्या केल्या, त्यांची मांडणी थेट हीच आहे. फरक इतकाच, कीं इंजिनाच्या पोटांत पाणी असे आणि यांच्या पोटांत मांस असतें.

लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत मात्र दुसरीच भट्टी पेटते. भात कापून झालें म्हणजे या रायगड जिल्ह्यांत (१९८१ पूर्वीं याचें नांव कुलाबा) जमिनींत उरलेल्या ओलाव्यावर वाल येतो, आणि शेंगा भरल्या कीं थंडीच्या रात्रीं पोपटी लागते. मडक्याच्या तळाशीं व कडेनें भांबुर्ड्याचा पाला घालावयाचा. त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा. मधून मधून अंडीं, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी. आणि तोंड पुन्हां पाल्यानेंच गच्च बंद करावयाचें. मडकें उपडें ठेवून भोंवतीं पेंढा, गोवऱ्या व काटक्या रचून पेटवितात. पाण्याचा थेंब घालीत नाहींत. शेंगांतली व पाल्यांतली ओल तीच वाफ होते, आणि पाला करपतो त्याचाच धूर होतो. अर्ध्यापाऊण तासांत काम उरकतें. गुजरातेंत वलसाड व नवसारीकडे याच जातीचें उबाडियूं करतात. मातीची भिंत उष्णता हळूं घेते आणि हळूं सोडते. पोपटीचें सारें यश या एका गुणांत आहे.

हवेवर ताबा ठेवण्याचें तंत्रहि येथें मातीनेंच शिकविलेलें आहे. कातकरी लोक कोळसा पाडतात तो असा: लांकडें रचून त्यांवर पाला आणि माती लिंपावयाची, आंत विस्तव सोडावयाचा, आणि भोंकें उघडून व बुजवून तो कह्यांत ठेवावयाचा. हवा अधिक गेली तर राख हातीं येते; कमी पडली तर लांकूड कच्चें राहतें. कातकरी हें नांव कात काढण्याच्या धंद्यावरून पडलें. पुढें कोळसा आणि वीटभट्टी हेच अनेकांच्या नशिबीं आले. पावसाळा सरतां सरतां कुटुंबेंच्या कुटुंबें ठेकेदाराची उचल अंगावर घेऊन घरें सोडतात, आणि कित्येकांची ती उचल हंगाम संपला तरी फिटत नाहीं. धुरावरच्या भोजनाची गोडी वर्णन करणारे लोक हा कोळसा कोणी पाडला याविषयीं एक अक्षरहि लिहीत नाहींत. मला तें बरें वाटत नाहीं.

लोखंडाचा पत्रा गरिबाच्या स्वयंपाकघरांत शिरला तो मुख्यतः रॉकेलच्या चौकोनी डब्याच्या रूपानें. चार गॅलनांचा, म्हणजे सुमारें अठरा लिटरांचा हा डबा. लांकडी खोक्यांत असे दोन येत. बर्मा-शेल कंपनी १९२८ सालीं निघाली आणि १९७६ सालीं सरकारनें ती ताब्यांत घेतली. तिचें तेल जळून गेलें, पण डबे घरोघर राहिले. पाण्याची कावड, धान्याची कोठी, छपराचें ठिगळ, आणि शेवटीं शेगडी! मात्र नुसता डबा विस्तवावर टिकत नसे. त्याचे सांधे डाकाचे असत, आणि कथील व शिसें यांचें तें डाक दोनशें अंश उष्णता होण्यापूर्वींच वितळूं लागतें. म्हणून आमच्या बायकांनीं डब्याला आंतून मातीचें अस्तर दिलें. रसायनशास्त्राचें पुस्तक त्यांनीं पाहिलें नव्हतें.

पिंपाचा इतिहास याहून चमत्कारिक आहे. बहात्तर दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून १८९० सालीं परत आलेली नेली ब्लाय ही अमेरिकन बातमीदार बाई पुढें लोखंडी भांड्यांच्या कारखान्याची मालकीण झाली. तेथील हेन्री वेर्हान याला १९०५ सालीं पोलादी पिंपाचे हक्क मिळाले, आणि आजचें सुमारें दोनशें लिटरांचें पिंप त्याच वंशांतलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत तें जगभर पसरलें. त्रिनिदाद बेटांतील लोकांनीं त्याचें वाद्य केलें. आपल्याकडे रस्त्याकडेच्या ढाब्यांत त्याचा तंदूर झाला; बाहेर पिंप आणि आंत मातीची भट्टी. पुढें १९५२ सालीं शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नांवाच्या गृहस्थानें समुद्रावर तरंगणाऱ्या खुणेच्या लोखंडी गोळ्याचे दोन भाग करून झांकणाची शेगडी केली, आणि तिचा मोठा व्यापार झाला.

आतां ज्यांना स्वतः अशी भट्टी करावयाची आहे त्यांनीं पिंपाचें रूप पाहण्याआधीं त्याचें पूर्वचरित्र पाहावें. कीटकनाशक, रंग किंवा रसायन ज्यांत होतें तें पिंप फुकट मिळालें तरी घेऊं नये. भरलेल्या पिंपापेक्षां रिकामें पिंप अधिक घातक असतें. कारण तेलाची वाफ व हवा यांचें मिश्रण एका ठिणगीनें फुटतें, आणि कापणारा माणूस त्यावर ओणवलेला असतो. खाद्यतेलाचें पिंपहि धुण्याच्या सोड्यानें पुनःपुन्हां धुवून, जाणत्या कारागिराकडूनच कापून घ्यावें. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी नकोच. ती कापतांना किंवा फार तापली असतां निघणाऱ्या धुरानें हुडहुडी भरून ताप येतो. घरगुती गॅसचा सिलिंडर तर आपला नसतोच. तो कंपनीच्या मालकीचा. आपण भरलेली असते ती अनामत.

विस्तवाची पेटी पिंपाच्या एका टोंकाला, किंचित् खालीं असावी. धुराडें दुसऱ्या टोंकाला, जाळीच्या पातळीवर. हवा आवरावयाची ती पेटीच्या तोंडाशीं. धुराडें आवळलें कीं धूर आंत कोंडतो आणि मांस कडू होतें. लांकूड आंब्याचें, जांभळीचें अगर बाभळीचें, चांगलें वाळलेलें घ्यावें. रंगविलेलें किंवा औषध मारलेलें कधींहि घेऊं नये. धुराडें सोडणारा धूर पातळ निळसर असावा. दाट पांढरा दिसल्यास हवा वाढवावी. शिजविण्यापूर्वीं एकदां रिकामी भट्टी उघड्यावर खूप तापवून आंतला रंग जाळून टाकावा, वाऱ्याच्या दिशेनें बाजूला उभें राहावें, मग घासून गोडें तेल चोळावें.

इतकें करूनहि पातळ पत्र्याचें पिंप एका बाजूनें करपवितें आणि दुसऱ्या बाजूनें कच्चें ठेवतें. त्यावर उपाय ढाबेवाल्याचाच. पेटीला आंतून चिकणमाती व भाताचें तूस कालवून दोन बोटें जाडीचा थर द्यावा. पहिल्या दिवशीं तो तडकेल. भेगा पुन्हां त्याच मातीनें बुजवून सावलींत वाळूं द्याव्या, आणि मगच मोठा जाळ करावा.