पाऊण सूत

शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५. तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलंय आणि दुपारच्या परिसंवादातून तुम्ही हळूच काढता पाय घेतलाय. पटेल चौकात मेट्रो धरलीत. राजीव चौक, नवी दिल्ली, मग चावडी बाजार. तीनच स्टेशनं. खिशात कागदाची पुडी आणि पुडीत लवंगेएवढा पितळेचा तुकडा.

तो तुकडा ज्यातून निघाला तो चाकू मयूर विहारला, मामेभावाच्या कपाटात आहे. मेट्रोच्या दारात क्ष-किरणांच्या पट्ट्यावर बॅग ठेवावी लागते आणि आतला चाकू आजोबांचा आहे की कुणाचा, याच्याशी जवानाला कर्तव्य नसतं. तेव्हा तुम्ही फक्त खिळी आणलीत.

चाकू घडीचा. सांबरशिंगाची मूठ, पात्याच्या बुडाशी तारा आणि क्रॉस, म्हणजे शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण. मुठीच्या टोकाला पांढऱ्या धातूची टोपी आणि तिच्यातून आरपार गेलेली ही खिळी. पातं हिच्याभोवतीच फिरतं. अडकित्त्याला असते तशीच. अडकित्ता ढिला झाला की सुपारी चिरडते, कातरत नाही. इथे पातं उघडलं की लुळं पडायचं. म्हणून एका बाजूचं डोकं कानशीने घासून खिळी ठोकून काढलीत, तेव्हा दिसलं की ती कमरेत झिजलीय. दोन्ही टोकांना २.३८ मिलिमीटर, मधे जेमतेम २.२.

आणि ती पिवळी आहे. पांढऱ्या टोपीवर पिवळा ठिपका लहानपणापासून तुमच्या डोळ्यांत खुपत आलाय. यंदा तो घालवायचा.

चावडी बाजार स्टेशन फार खोल आहे. जुन्या शहराच्या पायाला धक्का लागू नये म्हणून ते जमिनीखाली पंचवीसेक मीटर नेलं. सरकता जिना संपता संपत नाही, आणि वर येताच अंगावर येतात नळ, बिजागऱ्या, कड्या, लग्नपत्रिका, डोक्यावर वायरींचं जाळं आणि ‘बचके, बचके’ करत येणारी हातगाडी. या रस्त्याला नाव मराठी ‘चावडी’वरून मिळालं असं दिल्लीकरच सांगतात. पटो न पटो, ऐकून छाती दोन बोटं फुगतेच.

पहिलं दुकान तारेचं. पितळी तारेची भेंडोळी खुंट्यांना लटकलेली.

“कितने नंबर का?”

तुमच्याकडे मिलिमीटर आहेत, त्याच्याकडे नंबर. तेरा नंबर म्हणजे २.३४, चौदा म्हणजे २.०३. तुमची खिळी तेराच्या जरा पलीकडची. शिवाय अर्ध्या किलोच्या खाली तो तोडत नाही. अर्धा किलो पितळी तारेत आख्ख्या आळीतल्या अडकित्त्यांचं कल्याण होईल.

दुसरं वेल्डिंगच्या सामानाचं. तिथे नंबर नाही, सरळ ‘टू पॉइंट फोर’. मीटरभर लांब, सुतासारखी सरळ स्टेनलेसची कांडी. रंग पांढरा, किंमत किरकोळ. पण स्टेनलेस हातोडीखाली लवकर टणक होतं. डोकं फुलवायला जावं तर त्याच्याआधी शिंग तडकायची भीती. निकेलवाली पितळी कांडीही तो दाखवतो, सायकलीच्या सांगाड्याला डाग देतात ती. तिच्यात दहा टक्क्यांच्या आसपास निकेल, तोंडावळा अजून पितळेचाच. झंडेवालानच्या सायकल बाजारातली आरी चांगली पोलादी, पण दोन मिलिमीटरचीच. मागच्या पट्टीच्या बारीक खिळ्यांना ती उत्तम, पात्याला नाही.

तुम्हाला हवं जर्मन सिल्व्हर: साठेक टक्के तांबं, बाकी जस्त आणि निकेल. चांदी फक्त नावापुरती.

तिसऱ्या दुकानात गादीवर एक म्हातारे गृहस्थ. ते व्हर्नियर मागत नाहीत. तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवतात आणि म्हणतात, “पौन सूत है.”

पाऊण सूत! आठ सुतांचा इंच, म्हणजे सूत इंचाचा आठवा भाग आणि त्याचा पाऊण म्हणजे तीन बत्तिसांश इंच, म्हणजेच तुमचे २.३८. तेरा नंबर आणि टू पॉइंट फोर यांच्या मधे, केसाच्या जाडीएवढ्या फटीत अडकलेलं हे माप. आपल्याकडचे सुतार आणि फिटर ते आजही तोंडाने बोलतात, पण कुठल्याच पाकिटावर ते छापलेलं नसतं. खात्री करून द्यायला म्हातारबुवा गल्ल्याखालून तार मोजायची पोलादी चकती काढतात, कडेने खाचा आणि खाचेच्या तळाशी गोल भोक. तुकडा खाचेतून सरकतो. तुम्ही सहज त्या भोकाला डोळा लावता.

ट्रामची घंटा वाजते.

रस्ता तोच, पण मधून रूळ गेलेत आणि डोक्यावर एकच तार आहे, ट्रामची. १९५४. चावडी बाजारातून ट्राम अजून धावतेय. दुकानाच्या पायरीवर धोतर-कोटातला एक माणूस उभा आहे, छातीला संमेलनाचा बिल्ला. उद्घाटन नेहरूंनी केलं, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. आणि हा गृहस्थ कुठल्याशा परिसंवादातून सटकून इथे आलाय. कानांच्या पाळ्यांवरून तुम्ही त्याला ओळखता. त्या पाळ्या तुमच्याच आहेत.

त्याला चाकू घरी ठेवावा लागलेला नाही. तो कोटाच्या खिशातून काढून दुकानदारापुढे धरतो आणि मराठीत म्हणतो, “पाऊण सूत.” दुकानदाराला भाषांतर लागत नाही. तराजूत शेर आणि छटाक, गल्ल्यात आणे आणि पैसे. मेट्रिक मापांचा कायदा व्हायला अजून दोन वर्षं आहेत, आणि माप सांगायला इथे कुणालाच दशांश लागत नाही.

“पांढरी मिळेल का?”

दुकानदार मान हलवतो. जर्मन सिल्व्हर आज नाही, परवा बघा. परवा आजोबांची गाडी आहे.

“मग पितळी घाला.”

“दिखेगी, बाबूजी.”

“दिसू दे.”

कारागीर तार तोडतो, भोकात घालतो आणि दोन्हीकडे किंचित बाहेर ठेवतो, फार तर मिलिमीटरभर. मग गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक सुरू करतो. टोकाची कड फुलते, भोकाच्या तोंडावर पसरते, बसते. ‘अहो, थांबा, परवापर्यंत थांबा’ असं तुम्हाला म्हणावंसं वाटतं. म्हणणार कोण म्हणून? आजोबांना अजून नातू नाही.

पिवळा ठिपका पडण्याच्या आधीचा चाकू पाहायचा असेल तर पुन्हा भोकाला डोळा लावा. कारागिराने जुनी खिळी काढून ठेवलीय, दुसरी घालायला वेळ आहे, रिकाम्या भोकातून पलीकडचा उजेड दिसतोय.

डिसेंबर १९११. दिल्लीत थंडी आणि दरबार दोन्ही कडक. चांदनी चौकात घंटाघराभोवती पाहुण्यांची झुंबड. १२ तारखेला पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून इथे हलवल्याचं जाहीर केलं आणि त्याच तोंडाने बंगालची फाळणीही मागे घेतली. विलायती मालाच्या दुकानात काचेखाली चाकू मांडलेत. तुमचे पणजोबा एक उचलतात. टिळक मंडालेत आहेत आणि पणजोबा शेफील्डचा चाकू घेतायत. घरी गेल्यावर काय सांगितलं असेल, ते त्यांनाच ठाऊक. मुठीचं सांबर मात्र स्वदेशी असण्याची शक्यता दांडगी. इथल्या रानात गळालेली शिंगं जहाजाने शेफील्डला जायची आणि चाकू होऊन परत यायची. जाताना टोपलीच्या भावाने, येताना काचेखाली.

पणजोबांच्या हातून चाकू घ्या. टोपीवर नख फिरवा. खिळी कुठाय?

नाही सापडत. खिळी टोपीच्याच धातूची. भोकाचं तोंड किंचित रुंद करायचं, खिळी ठोकून त्यात भरायची, वर आलेलं घासून टाकायचं आणि झिलई द्यायची. धातू एकच असला की सांधा विरून जातो. धातू जुळायलाच हवा हा तुमचा हट्ट इथे रास्त ठरतो. पितळ भार पेलायला कमी नाही, फक्त लपत नाही. माझं विचाराल तर शेफील्डच्या कारागिराची करामत पात्यात जेवढी होती, तेवढीच या न दिसणाऱ्या ठिपक्यात होती. पात्यावर नाव मालकाचं, आणि हा ठिपका घासून नाहीसा करणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

आणखी मागे जाताना १८५७ लागतं. तिथे थांबू नका, त्या दिल्लीत खिळ्या शोधत फिरणं शोभत नाही.

ऑगस्ट १७६०. लाल किल्ला भाऊसाहेबांच्या ताब्यात आहे आणि खजिना रिकामा. दिवाण-ए-खासचं रुपेरी छत उतरवायचं काम चाललंय. ते वितळवून नऊ लाखांच्या आसपास रुपये पडतील आणि फौजेच्या पोटात जातील. पाच महिन्यांनी पानिपत. हे तुम्हाला माहीत आहे, समोरच्या कारकुनाला नाही. तो चांदीच्या पत्र्यांचा हिशेब लिहितोय, आणि त्याच्यापुढची अडचण वेगळी आहे: बोरू बोथट झालाय आणि तो तासायच्या चाकूचं, कलमतराशाचं, पातं मुठीत डुगडुगतंय. खिळी झिजलीय.

त्याच्यामागून चला. फतेहपुरीच्या बाजूला आजही गली कंदले कशान नावाची गल्ली आहे. कंदलाकश म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची कांडी ओढून जरीची तार काढणारे. त्यांच्यातलाच कुणी समजा. त्याच्यापुढे जंतर आहे, उतरत्या भोकांची पोलादी पट्टी. कारकून कलमतराश पुढे करतो. माप सांगत नाही, कारण विचारतच नाही कुणी. सूत नाही, नंबर नाही. कारागीर लोखंडी तार तापवून मऊ करतो, टोक निमुळतं करून जंतराच्या भोकातून घालतो, पलीकडून पकडीने धरतो आणि अंगाचा भार टाकून ओढतो. मुठीच्या भोकात लावून बघतो. जात नाही. पुढचं भोक. ओढतो, लावून बघतो. पुन्हा घट्ट. तिसऱ्या ओढीला तार भोकात शिरते आणि मध्यावर अडून थांबते. तो मान डोलावतो. तुम्ही खिशातल्या व्हर्नियरला हात घालता आणि तसाच बाहेर काढता.

“जर्मन सिल्वर चाहिए?” म्हातारबुवा विचारतायत. चकती त्यांच्या हातात आहे. “तार में नहीं मिलेगा. सितारवालों से पूछिए.”

हे तुमच्या डोक्यात कसं आलं नाही? सतारीचे पडदे! पितळेचे असतात, पोलादाचे असतात आणि जर्मन सिल्व्हरचेही असतात. जामा मशिदीला वळसा घालून दर्यागंजला जा, नेताजी सुभाष मार्गावर वाद्यांची दुकानं ओळीने आहेत. आणि आपल्या मिरजेत सतारी-तंबोऱ्यांचं काम एकोणिसाव्या शतकात सुरू केलं ते फरीदसाहेब शिकलगारांनी. शिकलगार म्हणजे मुळात हत्यारांना धार देणारे. तलवारींचं गिऱ्हाईक आटलं तेव्हा हातातली कला भोपळ्याकडे वळली. सतारीचा पडदा पुन्हा चाकूत जाणं म्हणजे वाट चुकलेलं माणूस आडवाटेने घरी आल्यासारखं.

दर्यागंजात एक जुना, खाच पडलेला पडदा तुम्हाला चहाच्या पैशांत मिळतो. कमानदार, पांढरा, पण पाऊण सुताहून जाड. तो घेऊन दरीबा कलाँ. चांदीवाल्यांच्या गल्लीत एक कारागीर जंतर बाळगून आहे. तापवतो, थंड करतो, ओढतो. दोन भोकांनंतर विचारतो, “नग कहाँ है? लगाके देखें?”

नग मयूर विहारला.

तो हसतो आणि वर एक सांगतो: खिळी झिजली असेल तर पात्यातलं भोकही लांबट झालं असणार, जुन्या खिळीचं माप घेऊन काय करता? खरंच आहे. मग तो तीन लागोपाठच्या भोकांतून तार काढतो, प्रत्येकीचा बोटभर तुकडा तोडतो आणि शेवटी तिन्ही तापवून मऊ करून देतो, नाहीतर ठोकताना फुटतील. तीन तुकडे, एक पुडी.

रात्री मयूर विहारच्या स्वयंपाकघरात लोखंडी खलबत्ता उपडा घातलाय. पात्याचं भोक तुम्ही अगदी बेताने रुंद करून गोल केलंत, टोपीचीही भोकं त्याच मापाने. बारीक तुकडा गळून पडतो. जाड शिरत नाही. मधला अर्ध्यावर जाऊन थांबतो. पातं आणि टोपी यांच्यामधे लग्नपत्रिकेच्या कागदाची बारीक चकती सरकवता, चावडी बाजारात नमुना म्हणून हातात कोंबली होती तिची. ठोकून झाल्यावर कागद निघून येतो आणि पात्याला फिरायला तेवढीच जागा राहते. मग कडेकडेने टकटक. खालच्या मजल्यावरून कुणीतरी पाइपवर ठोकून उत्तर देतं. कानस, पॉलिश पेपर, तेलाचा एक थेंब. पातं उघडतं, टक् करून थांबतं आणि हलत नाही.

एका बाजूला टोपी साफ आहे, नखाला काही लागत नाही. दुसऱ्या बाजूला तिरप्या उजेडात केसासारखं वर्तुळ उरलंय.

“दिसतंय की अजून,” वहिनी म्हणते.

तुम्ही कानस उचलता आणि परत खाली ठेवता.