दोन गोळ्यांचं मूळ गाव

बुलढाण्यातल्या आमच्या घरात सध्या दोन प्रकारच्या गोळ्या आहेत आणि त्या एकमेकींच्या वैरिणी आहेत. सुनेला सहावा महिना आहे. आशाताईंनी तिला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणून दिल्यात, रोज एक. मला तोंडाचा कॅन्सर आहे, ऑपरेशननंतर पुन्हा उलटलेला. मला मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, रविवारी; सोबत सेलेकॉक्सिब, रोज दोन वेळा. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असतं, म्हणून माझ्या गोळ्यांना सुनेने हातही लावायचा नाही. तिच्या गोळ्या स्वयंपाकघरात, माझ्या कपाटात.

औषधाच्या पाकिटावर इतिहास छापलेला नसतो. रिकामा वेळ भरपूर, म्हणून तो वाचत गेलो, तर दोन्ही गोळ्यांचं मूळ गाव एकच निघालं: मुंबईतलं परळ.

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत होता. त्या बायकांच्या ताटात काय असतं आणि काय नसतं, हे तिने पाहिलं. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने, हा रोग बरा होतो हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केलं. अर्कातला गुणकारी घटक कोणता, ते कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये तो पालकातून वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. सुनेची गोळी ती हीच.

त्याच १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. पुढच्या वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळलाच टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं.

माझ्या गोळीची गोष्ट मात्र अमेरिकेतून फिरून येते. बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना दिसलं, की रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिड दिलं तर रोग आणखी भडकतो. मग फॉलिक ॲसिडसारखं दिसणारं, पण त्याचं काम न करणारं काही दिलं तर? असं तोतया औषध आपल्याकडच्या आंध्रातून तिकडे गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. फार्बर यांनी १९४८ साली १६ मुलांचा अहवाल छापला. त्यांतल्या १० जणांना उतार पडला होता. तो टिकला नाही, पण औषधाने कॅन्सर मागे हटतो हे दिसलं. मेथोट्रेक्सेट हे त्याच तोतयाचं भावंड. पेशी त्याला फॉलिक ॲसिड समजून आत घेते आणि तिची वाढ अडते.

मला ही गोळी घरी बसून घेता येते, त्यामागेही परळच आहे. पूर्वी माझ्यासारख्याला सिस्प्लॅटिनचं सलाईन लागायचं. म्हणजे एसटीने मलकापूर, रात्रीची रेल्वे, सकाळी दादर, आणि हे पुन्हा पुन्हा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ४२२ रुग्णांवर तुलना करून २०२० साली ती प्रसिद्ध केली. सलाईनवाल्यांचं मध्यक आयुष्य ६.१ महिने, गोळ्यांवाल्यांचं ७.५, गोळ्यांचा त्रासही कमी. मध्यक म्हणजे निम्मे त्याआधी गेले, निम्मे नंतर.

हा आकडा वाचला त्या दिवशी मी जेवलो नाही. एरवीही जेवण म्हणजे वरणात कुस्करलेली भाकर; तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. मला गोळ्या सुरू होऊन चार महिने झालेत. सुनेचे तीन राहिलेत. घरात ही बेरीज सगळ्यांनी केली आहे, बोलत कोणी नाही. बायकोने झबली शिवायला घेतलीत, एवढंच.

मला राहून राहून त्या गिरणीतल्या बायांचं वाटतं. डॉक्टरांची नावं पुस्तकांत आहेत आणि ती असायलाच हवीत. पण ज्यांचं रक्त तपासून हे सगळं कळलं, त्या कुठल्या, त्यांची बाळं जगली का, ते माझ्या वाचनात कुठेच आलं नाही. ते ४२२ जणही आकडाच आहेत. औषध कोणीतरी शोधतं आणि रुग्ण ते घेतो, असं आपण म्हणतो. खरं म्हणजे आधीच्या रुग्णांनी ते अंगावर सोसून पुढच्यांच्या हाती दिलेलं असतं.

मागच्या तपासणीला परळला गेलो, तेव्हा उरलेलं रक्त संशोधनासाठी ठेवू का, असं विचारलं. फॉर्म मराठीत होता. मी तो दोनदा वाचला, मुलालाही वाचायला दिला आणि सही केली. "काका, अभ्यासात तुमचं नाव येणार नाही, फक्त नंबर," तिथल्या ताई म्हणाल्या. चालेल म्हटलं.