दुवा आणि वाचकाचा अधिकार

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न येथे सिद्ध केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये दुव्यामागील पान स्वतंत्र खिडकीत उघडे. मूळ पान जागीच राही. १९९६ च्या नेटस्केप २.० ने ‘टार्गेट’ हा गुणविशेष आणला आणि खिडकी उघडण्याचा अधिकार पानाच्या कर्त्याकडेही गेला. एचटीएमएल ४ च्या कठोर रूपाने तो वगळला. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने मात्र पुन्हा मान्य केला. ही माघारच म्हणावयास हवी.

टॅब रूढ झाल्यावर प्रश्न अधिक सूक्ष्म झाला. फायरफॉक्समध्ये कंट्रोल कळ दाबून दुवा उघडल्यास नवा टॅब पार्श्वभूमीस राहतो, शिफ्टची जोड दिल्यास समोर येतो. हा क्रम सेटिंगमध्ये उलटविताही येतो. (‘पार्श्वभूमी’ हा शब्द किंचित फसवा आहे : पान तेथेही उतरतच असते, केवळ वाचकाची दृष्टी हलत नाही.) परंतु कर्त्याने ‘टार्गेट’द्वारा मागविलेला टॅब वाचकास न विचारता पुढे येतो. त्यास मागे ठेवणारा ‘लोडडायव्हर्टेडइनबॅकग्राउंड’ हा पर्याय नेहमीच्या सेटिंगच्या पानावर नाही. ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये तो शोधावा लागतो.